केप्लरचें चरित्र व आठ कलांची तूट

पेढीवर वर्षअखेरीस खतावणी मिटवितांना जमाखर्चांत आठ रुपयांचा फरक निघाला, तर त्याची वासलात दोन तऱ्हांनीं लावतां येते. आळशी कारकून ती रक्कम किरकोळ खातीं टाकून वही बांधतो. जाणता मुनीम मात्र वर्षाची रोजकीर्द पहिल्या पानापासून पुन्हां तपासूं लागतो. फरक लहान दिसला तरी त्याच्या पोटांत दोन मोठ्या चुका एकमेकींस झांकून बसल्या असतील, हें तो अनुभवानें जाणतो. ज्योतिषशास्त्राच्या वहींत अशीच एक तूट सुमारें चारशें वर्षांपूर्वीं निघाली. ती आठ कलांची होती. पूर्ण चंद्राचें बिंब आकाशांत सुमारें तीस कला रुंद दिसतें. तेव्हां ही तूट त्या बिंबाच्या जवळजवळ चतुर्थांशाएवढी झाली. ती किरकोळ खातीं टाकण्यास त्या काळच्या बहुतेक गणितज्ञांची कांहीं हरकत नव्हती. एका अधू दृष्टीच्या, निर्धन व घरादारास पारख्या झालेल्या मनुष्यानें मात्र ती टाकली नाहीं, आणि तिच्या पायीं दोन हजार वर्षांचें एक मत कोसळलें. त्या मनुष्याचें नांव योहान्नेस केप्लर. ग्रहगतीचे त्याचे तीन नियम शाळेंतील मुलें पाठ म्हणून दाखवितात. परंतु ते नियम कोणत्या मोलानें मिळाले हें त्यांस फारसें कोणी सांगत नाहीं. आमच्या मतें आमच्या लोकांनीं घेण्यासारखें जें कांहीं आहे तें त्या मोलांतच आहे. म्हणून आज त्याचें चरित्र थोडक्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजीं जर्मनीच्या नैर्ऋत्य भागांतील वाइल डेर श्टाट या लहानशा गांवीं झाला. मूल सातव्या महिन्यांत जन्मलेलें व अशक्त होतें. बाप भाडोत्री शिपाई. जो पगार देईल त्याच्या झेंड्याखालीं तो लढावयास जाई, आणि शेवटीं एकदां गेला तो घरीं परत आलाच नाहीं. आई काथारीना ही एका खाणावळवाल्याची मुलगी. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें, परंतु झाडपाल्याच्या औषधांची माहिती होती. ही माहितीच पुढें तिच्या जिवावर कशी बेतली तें यथाक्रम येईल. लहानपणीं मुलास देवी आल्या व त्यांत त्याची दृष्टि कायमची अधू झाली. ज्यानें पुढें आकाशाचे नियम शोधिले त्यास आकाशांतील तारे धड दिसत नव्हते, हा दैवाचा विलक्षण खेळच म्हणावयाचा. तथापि १५७७ सालीं मोठा धूमकेतु दिसला तेव्हां त्याच आईनें त्यास हातीं धरून उंच जागीं नेलें व तो दाखविला, ही आठवण केप्लरनें जन्मभर जपली.

मुलगा हुशार होता. वुर्टेम्बर्गच्या ड्यूकांनीं गरीब पण बुद्धिमान मुलांकरितां शिष्यवृत्त्यांची सोय केली होती, तिचा लाभ मिळून तो १५८९ सालीं त्यूबिंगेन येथील विद्यापीठांत दाखल झाला. त्यास व्हावयाचें होतें धर्मोपदेशक. परंतु तेथें मिखाएल मेस्टलिन या गुरूनें त्यास कोपर्निकसचें मत समजावून दिलें. पृथ्वी स्थिर नसून ती इतर ग्रहांप्रमाणें सूर्याभोंवतीं फिरते, असें प्रतिपादन करणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ सालीं निघाला होता. पण बहुतेक विद्वान् त्यास केवळ गणिताची एक युक्ति समजत. केप्लरला मात्र तें मत खरें वाटलें.

येथें त्या काळच्या ज्योतिषाची स्थिति थोडी सांगणें अवश्य आहे. ग्रीक तत्त्ववेत्त्यांपासून असें मत चालत आलें होतें कीं, आकाशांतील वस्तु दिव्य व परिपूर्ण आहेत, वर्तुळ ही परिपूर्ण आकृति आहे, म्हणून ग्रहांची गति वर्तुळाकार व एकसारखीच असली पाहिजे. प्रत्यक्षांत ग्रह कधीं जलद तर कधीं मंद चालतात, कधीं वक्री होतात. हा विरोध मिटविण्याकरितां एका वर्तुळावर दुसरें वर्तुळ बसविण्याची युक्ति निघाली. आमच्या सिद्धांतग्रंथांतील मंदफल व शीघ्रफल यांच्या मुळाशीं अशाच वर्तुळांची योजना आहे. कोपर्निकसनें सूर्याला मध्यस्थान दिलें खरें, पण वर्तुळें त्यालाही सोडवलीं नाहींत. सारांश, हिशेब जुळेना कीं आणखी एक वर्तुळ लावावें अशी रीत पडली होती. वर्तुळ हेंच मुळीं चूक असेल, ही शंका कोणाच्या मनांत येत नव्हती.

१५९४ सालीं केप्लरची नेमणूक ऑस्ट्रियांतील ग्राट्स या शहरीं गणिताचा शिक्षक म्हणून झाली. पहिल्या वर्षीं त्याच्या वर्गांत विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. दुसऱ्या वर्षीं एकही नव्हता. पंचांग तयार करून त्यांत पुढील वर्षाचें भविष्य लिहिणें हेंही त्याच्या नोकरीचें काम होतें. १५९५ सालासाठीं त्यानें कडक थंडी, शेतकऱ्यांचे दंगे व तुर्कांची स्वारी हीं भाकितें केलीं, आणि योगायोगानें तीं खरीं ठरलीं. त्याचा बोलबाला झाला. आकाशस्थ ग्रहांचा कांहीं परिणाम पृथ्वीवर होत असावा अशी समजूत त्यास शेवटपर्यंत होती, व बादशहा आणि सरदार यांच्या कुंडल्या मांडूनही त्यानें पोटाची सोय केली. हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु बाजारी भविष्यवाद्यांचा त्यास मनापासून तिटकारा होता, आणि मुख्य गोष्ट ही कीं, गणिताच्या कामांत त्यानें या समजुतीस कधीं साक्षीदार म्हणून उभें केलें नाहीं.

१५९६ सालीं त्यानें पहिला मोठा ग्रंथ छापला. त्या वेळीं ठाऊक असलेले ग्रह सहा. त्यांच्या कक्षांमधील अंतरें पांच. भूमितींत सर्व बाजू समान असलेल्या घनाकृतीही बरोबर पांचच. तेव्हां ईश्वरानें या पांच आकृती एकींत एक बसवून ग्रहांचीं अंतरें ठरविलीं असावीं, अशी ही कल्पना होती. कल्पना सुंदर होती व ती साफ चुकीची होती. पण या चुकीचा एक उपयोग झाला. ती सिद्ध करण्यास ग्रहांचीं अचूक स्थानें पाहिजे होतीं, आणि अशीं स्थानें सगळ्या युरोपांत एकाच मनुष्याजवळ होतीं.

तो मनुष्य म्हणजे डेन्मार्कचा सरदार टायको ब्राहे. दुर्बीण निघण्यापूर्वींच्या काळांत केवळ डोळा व मोठमोठीं यंत्रें यांच्या साह्यानें त्यानें वीस वर्षांहून अधिक काळ आकाशाच्या नोंदी केल्या होत्या, आणि त्याच्या उत्तम वेधांत चूक एक-दोन कलांहून अधिक सांपडत नसे. पूर्वींच्या वेधांत दहा कलांची चूक सहज खपून जाई, हें लक्षांत घेतलें म्हणजे या नोंदींचें मोल कळतें. टायको आपल्या राजाशीं बिनसून प्राग येथें रूडॉल्फ बादशहाच्या आश्रयास आला होता. इकडे ग्राट्स येथें कॅथलिक राजसत्तेनें प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांस धर्म बदला नाहीं तर मुलूख सोडा असा हुकूम दिला. केप्लरनें मुलूख सोडला. १६०० सालीं तो टायकोकडे गेला, आणि २४ ऑक्टोबर १६०१ रोजीं टायको वारल्यावर बादशहाचा गणिती म्हणून त्याच्या जागीं त्याची नेमणूक झाली. टायकोच्या वारसांनीं वेधांच्या वह्यांवर मालकी सांगितली व कित्येक वर्षें तंटा चालला. पण वह्या केप्लरच्या हातीं होत्या, आणि त्यांत त्याला नेमून दिलेलें प्रकरण मंगळाचें होतें.

सर्व ग्रहांत मंगळ हा हिशेबाला सर्वांत द्वाड. केप्लरनें प्रथम वर्तुळाचीच योजना धरली. रात्रंदिवस आंकडेमोड करून, तीच तीच कोष्टकें पुनःपुन्हां सोडवून, मंगळ सूर्यासमोर येतो त्या वेळच्या स्थानांशीं दोन कलांच्या आंत जुळणारी योजना त्यानें बसविली. दुसरा कोणी असता तर येथें ग्रंथ छापून मोकळा झाला असता. केप्लरनें ती योजना टायकोच्या इतर वेधांशीं ताडून पाहिली, आणि तेथें आठ कलांची तफावत निघाली.

आतां वाचकांनीं क्षणभर त्याच्या जागीं उभें राहून पाहावें. वर्षावर वर्षें श्रम झालेले, योजना स्वतःची, तिच्यामागें सर्व प्राचीनांचा पाठिंबा, आणि विरुद्ध पक्षीं एका मृत मनुष्याच्या वहींतील कांहीं आंकडे. त्या वेधांतच चूक झाली असेल, असें म्हणणें किती सोपें होतें! पण टायको आठ कला चुकणारा मनुष्य नव्हे, हें केप्लर जाणून होता. विश्वसनीय साक्षीदार आपल्याविरुद्ध बोलला म्हणून त्याची साक्ष फेटाळावयाची नाहीं, हा न्यायासनाचा नियम त्यानें गणिताला लावला व आपली योजना स्वतःच्या हातानें मोडली. पुढें त्यानें अंड्यासारख्या आकृतीचा प्रयोग केला, तोही फसला. अखेर १६०५ सालीं त्यास उत्तर सांपडलें. मंगळाची कक्षा दीर्घवर्तुळ म्हणजे लंबवर्तुळ आहे. पाटीवर दोन खिळे ठोकून त्यांभोंवतीं दोऱ्याचा सैल फांसा टाकावा, व पेन्सिलीनें तो ताणून धरून रेघ फिरवावी, म्हणजे ही आकृति निघते. त्या दोन खिळ्यांच्या जागांस नाभि म्हणतात. त्यांतील एका नाभींत सूर्य असतो. मंगळाची कक्षा वर्तुळापासून कितीशी ढळली आहे म्हणाल तर, लांबी हजार धरिली असतां रुंदी सुमारें नऊशें शहाण्णव भरते. एवढ्याशा फरकांत सारें सत्य दडलें होतें!

१६०९ सालीं निघालेल्या त्याच्या ग्रंथांत दोन नियम आले. पहिला हा दीर्घवर्तुळाचा. दुसरा गतीचा: ग्रह व सूर्य यांस जोडणारी रेषा समान काळांत समान क्षेत्र आक्रमिते, म्हणजे ग्रह सूर्याच्या जवळ असतां जलद व दूर असतां मंद चालतो. वर्तुळांवर वर्तुळें चढवून जें साधत नव्हतें, तें या दोन वाक्यांनीं साधलें.

याच प्रागच्या काळांत त्यानें दुसरींही कामें केलीं. १६०४ सालीं आकाशांत एकाएकीं नवा तारा प्रगट झाला, त्याचे त्यानें वेध घेतले. तो एका ताऱ्याचा स्फोट होता, हें आज आपण जाणतों; त्यानंतर आपल्या आकाशगंगेंत असा स्फोट नुसत्या डोळ्यांनीं निर्विवादपणें पाहिल्याची नोंद नाहीं. डोळ्याच्या आंतील पडद्यावर वस्तूचें उलटें चित्र उमटतें व त्यामुळें आपणांस दिसतें, ही उपपत्तिही त्यानें त्याच वर्षीं छापलेल्या ग्रंथांत मांडली. १६१० सालीं गॅलिलिओनें दुर्बिणींतून गुरूचे चार उपग्रह पाहिल्याचें जाहीर केलें तेव्हां कित्येक पंडित त्याची थट्टा करीत असतां केप्लरनें त्याची बाजू उघडपणें उचलून धरिली. आणि पुढच्याच वर्षीं दोन फुगीर भिंगांची नवी दुर्बीण कशी करावी याचें गणित छापलें.

परंतु १६११ हें साल त्याच्या घरावर काळ होऊन आलें. मुलांस देवी आल्या व सहा वर्षांचा मुलगा दगावला. मागोमाग पत्नी वारली. आश्रयदाता रूडॉल्फ याचें राज्य भावानें हिसकावून घेतलें. पुढील वर्षीं केप्लर पोटासाठीं लिंट्स या गांवीं गेला. तेथें त्याच्याच पंथाच्या धर्मगुरूनें त्यास पंक्तिबाह्य केलें. कारण धर्ममताच्या एका कलमावर मनांत शंका असतां निःशंक सही करण्यास तो तयार नव्हता. म्हणजे एका पंथानें त्यास प्रॉटेस्टंट म्हणून हांकलिलें, व प्रॉटेस्टंटांनीं पुरता प्रॉटेस्टंट नाहीं म्हणून वाळींत टाकलें. खोटी सही केली असती तर दोन्हीकडे सुख होतें.

याहून कठीण प्रसंग पुढेंच होता. १६१५ सालीं लेओनबेर्ग या गांवीं एका काचकाम करणाराच्या बायकोनें अशी आवई उठविली कीं, म्हाताऱ्या काथारीनेनें दिलेल्या पेयामुळें आपणांस दुखणें लागलें. ती चेटकीण आहे. त्या काळीं जर्मनींत चेटकाच्या आरोपावरून बायकांस जिवंत जाळीत. काथारीनेच्या घरच्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली. पण गांवचा अंमलदारच उलट पक्षाचा. फिर्याद कुजत पडली, आणि दरम्यान अफवांस पिल्लें फुटूं लागलीं. कोणाचें जनावर मेलें, कोणा मुलीचा हात दुखला, कोणाचा पाय लुळा पडला. सर्वांचें कारण एकच, ती म्हातारी. वर्षानुवर्षांची गांवांतील दुखणीं एका गरीब विधवेच्या नांवें खर्चीं पडलीं. ऑगस्ट १६२० मध्यें, वय सत्तरीच्या पलीकडे गेलें असतां, तिला मुलीच्या घरांतून रात्रीं पेटाऱ्यांत घालून उचलून नेलें व साखळदंडांत ठेविलें.

बादशहाचा गणिती आपलें कामकाज बाजूस ठेवून लिंट्सहून तिकडे धांवला. त्याचा एक भाऊ लोकलज्जेनें अंग चोरीत होता. केप्लरनें तसें केलें नाहीं. वकिलीचा धंदा करणारांस त्यानें केलेला बचाव आजही वाचनीय वाटेल. आरोप व जबाब तोंडी न होतां लेखी व्हावे, हा त्याचा पहिला आग्रह. कारण तोंडचा शब्द पालटतां येतो, कागदावरचा येत नाहीं. नंतर एकेक साक्ष घेऊन तो विचारूं लागला: दुखणें केव्हां सुरू झालें? म्हातारी भेटण्यापूर्वीं तें होतें कीं नव्हतें? साक्षीदारानें हें स्वतः पाहिलें कीं दुसऱ्याच्या तोंडून ऐकिलें? मुलीचा हात दुखला तो विटांचें ओझें वाहिल्यानें कशावरून नव्हे? मंगळाच्या आठ कलांचा जाब ज्यानें स्वतःच्या मताला विचारला, तोच आतां गांवगप्पांस जाब विचारीत होता. शेवटची कैफियत शंभराहून अधिक पानांची झाली. प्रकरण त्यूबिंगेनच्या कायदेपंडितांकडे गेलें. पुरावा पुरा नाहीं, तरी छळाचीं यंत्रें दाखवून तिला धमकावून पाहावें, असा त्यांनीं अभिप्राय दिला. २८ सप्टेंबर १६२१ रोजीं मारेकऱ्यानें तिच्यापुढें तीं यंत्रें मांडलीं. म्हातारी गुडघे टेकून प्रार्थना करूं लागली, पण न केलेला गुन्हा तिनें कबूल केला नाहीं. चौदा महिन्यांच्या कैदेनंतर तिची सुटका झाली, आणि दुसऱ्या वर्षीं एप्रिलांत ती मरण पावली.

या प्रकरणास एक करुण पदर आहे. केप्लरनें तरुणपणीं चंद्रावरील प्रवासाची एक काल्पनिक कथा रचिली होती. तींतील नायकाची आई झाडपाल्याची जाणकार असून पिशाचांस बोलावूं शकते असें वर्णन होतें. त्या हस्तलिखिताची बातमी बाहेर पसरून आईविरुद्धच्या अफवेस खतपाणी मिळालें असावें, असें त्यास जन्मभर लागून राहिलें. ज्या कथेंत चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल हें शास्त्रीय विचारानें सांगितलें होतें, ती लेखकाच्या मरणानंतर १६३४ सालीं छापून निघाली.

आश्चर्य हें कीं, ग्रहगतीचा तिसरा नियम त्यास याच त्रासाच्या काळांत, १६१८ सालच्या मे महिन्यांत, सांपडला. ग्रहास सूर्याभोंवतीं फिरण्यास लागणाऱ्या काळाचा वर्ग हा त्याच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणांत असतो. हें वाचून कोणी दचकूं नये. हिशेब साधा आहे. पृथ्वीचें अंतर एक व काळ एक वर्ष धरावा. गुरूचें अंतर ५.२ पट आहे; त्यास त्यानेंच दोनदां गुणिलें असतां सुमारें १४०.६ येतात. गुरूस एका फेऱ्यास ११.८६ वर्षें लागतात. त्यांचा वर्ग केला तरी सुमारें १४०.७ च येतात. हाच मेळ बुधापासून शनीपर्यंत प्रत्येक ग्रहाचा बसतो. आणि केप्लरच्या काळीं ठाऊकही नसलेले युरेनस व नेपच्यून पुढें सांपडले, त्यांचाही बसतो.

१६२७ सालीं टायकोच्या वेधांवर व स्वतःच्या नियमांवर उभारलेलीं ग्रहकोष्टकें त्यानें प्रसिद्ध केलीं. तत्पूर्वीं वर्षभर लिंट्सला बंडखोर शेतकऱ्यांचा वेढा पडून छापखाना जळाला होता. सरकारी देणें थकलेलें, म्हणून छपाईच्या खर्चाचा मोठा वांटा त्यास पदरचा सोसावा लागला. या कोष्टकांवरून ७ नोव्हेंबर १६३१ रोजीं बुध सूर्यबिंबावरून जातांना दिसेल, असें त्यानें आधीं जाहीर करून ठेविलें. भविष्य सांगणें म्हणतात तें हें! पॅरिस येथें गासेंडी यानें त्याच दिवशीं तो काळा ठिपका सूर्यावर पाहिला. परंतु भाकीत करणारा तें ऐकण्यास जगला नाहीं. थकलेल्या पैशांच्या तगाद्यासाठीं थंडींत घोड्यावरून रेगेन्सबर्ग येथें गेला असतां तापानें आजारी पडून १५ नोव्हेंबर १६३० रोजीं तो वारला. त्याचें राजाकडील येणें सुमारें १२,००० नाण्यांचें होतें. थोड्याच वर्षांत तिकडे लढाईची धामधूम होऊन ती दफनभूमि उद्ध्वस्त झाली. आज त्याची कबर कोठें होती हेंही दाखवितां येत नाहीं.

कबर नाहींशी झाली, नियम राहिले. ग्रह असे कां फिरतात याचें उत्तर १६८७ सालीं न्यूटननें गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतानें दिलें, आणि त्या सिद्धांताच्या कसोटीस केप्लरचे नियमच उभे होते. आमच्या देशानें ५ नोव्हेंबर २०१३ रोजीं सोडलेलें मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजीं मंगळाभोंवतीं फिरूं लागलें. त्याची आरंभींची कक्षा लांबट दीर्घवर्तुळ होती. जवळचें टोंक मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारें ४२२ किलोमीटर, तर दूरचें सुमारें ७७,००० किलोमीटर. सहा महिन्यांच्या बोलीनें गेलेलें तें यान २०२२ सालीं संपर्क तुटेपर्यंत मंगळाजवळ टिकून होतें. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रयान ३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत उतरलें, तेंही आधीं दीर्घवर्तुळांवर दीर्घवर्तुळें पार करीत चंद्रास पोंचलें होतें. अमेरिकेनें २००९ सालीं सोडलेल्या एका अवकाशदुर्बिणीस केप्लरचेंच नांव दिलें होतें. ताऱ्यासमोरून ग्रह गेला असतां ताऱ्याचा प्रकाश किंचित् मंदावतो, तेवढ्याशा घटीवरून २०१८ पर्यंत चाललेल्या तिच्या कामांतून २,६०० हून अधिक परके ग्रह सांपडले. बुधाच्या ज्या अधिक्रमणाचें भाकीत केप्लरनें केलें, त्याच्याच जातीचा हा वेध आहे. आणि त्या ग्रहांचीं अंतरें काढण्यास नियम लावावा लागतो तोही त्याचा तिसराच.

आतां मुद्द्याची गोष्ट. आमच्यांत कोणी असें म्हणेल कीं, हें परकीयांचें वैभव. आमच्या पूर्वजांस हें सर्व आधींच ठाऊक होतें. आम्हांस हा अभिमान खोटा वाटतो, व खऱ्या अभिमानाची जागा तो अडवून बसतो असेंही वाटतें. खरा अभिमान धरावयाचा असेल तर कोंकणांतील नांदगांवचे केशव दैवज्ञ व त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांचा धरावा. जुन्या ग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशाशीं जुळत नाहींत असें पाहून केशवांनीं स्वतः वेध घेतले, आणि गणेशांनीं १५२० च्या सुमारास ग्रहलाघव ग्रंथ रचून गणित आकाशाशीं मिळतें केलें. ग्रंथ व आकाश यांत विरोध आला तर आकाश प्रमाण, हा धडा त्यांनीं केप्लरच्या जन्मापूर्वीं दिला होता. एकोणिसाव्या शतकांत केरो लक्ष्मण छत्रे यांनीं नव्या वेधांवर आधारलेलें पंचांग काढलें, तेव्हां ग्रहलाघवाच्याच नांवानें त्यास विरोध झाला! वेध घेऊन ग्रंथ दुरुस्त करणाराचा ग्रंथ आम्ही वेधांविरुद्ध ढाल म्हणून पुढें केला. याहून त्या थोर पुरुषाचा अधिक उपमर्द कोणता?

उदाहरण अजून आमच्या दारांत आहे. निरयन गणनेनें मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते, तिळगूळ वांटण्यास कोणाची ना नाहीं. पण त्या दिवशीं उत्तरायण लागतें असें आम्ही मुलांस सांगतों, आणि सूर्य तर २१-२२ डिसेंबरासच उत्तरेकडे वळलेला असतो. अंगणांत काठी रोंवून दुपारची सांवली रोज मोजली तर दहा वर्षांच्या मुलासही हें दिसेल. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, तरी सामान्य घरांत तिचा वापर दिसत नाहीं. तूट चोवीस दिवसांची आहे. आठ कलांसाठीं झुरणारा मनुष्य आम्हांस काय म्हणेल?

आणि काथारीनेचें प्रकरण तरी आमच्यापासून दूर कोठें आहे? गांवांत रोगराई आली कीं एखाद्या निराधार बाईस चेटकीण ठरवून तिचे हाल करण्याचे प्रकार आमच्या देशांत घडत आले आहेत. महाराष्ट्राच्या विधिमंडळास २०१३ सालीं नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांस प्रतिबंध करणारा कायदा करावा लागला, तो कांहीं उगीच नव्हे. कायदा हा शेवटचा इलाज आहे. अफवा कानीं येतांच, कोणी पाहिलें, केव्हां पाहिलें, त्यापूर्वीं काय होतें, हे तीन प्रश्न विचारणारा एक मनुष्य प्रत्येक आळींत असेल, तर पुष्कळसें काम कायद्यावांचून होईल.

केप्लरचें जन्मभरचें शील या एकाच गोष्टींत सांठवलें आहे. स्वतःचें आवडतें मत पुराव्यापुढें टिकेना तेव्हां त्यानें मत सोडलें, आणि सबंध गांव आईविरुद्ध उठला तेव्हां त्यानें पुरावा मागितला. पहिल्या गोष्टीस प्रामाणिकपणा लागतो, दुसरीस धैर्य. परंतु दोहोंचा उगम सत्याविषयींच्या एकाच आदरांत आहे. आमच्या शाळांनीं त्याचे तीन नियम खुशाल पाठ करून घ्यावे, पण त्यांबरोबर वर्षांतून एक रात्र मुलांस गच्चीवर नेऊन तांबडा मंगळ बोटानें दाखवावा, पंचांगांतील त्याचें स्थान समोर ठेवावें, व दोहोंचा मेळ बसतो कीं नाहीं तें त्यांचें त्यांस ठरवूं द्यावें.